पानांची फिल्म, माणसांची फिल्म

नाशिकरोड, १७ नोव्हेंबर २०२४

तेजूताई, जयभीम.

पत्राची सुरुवात कारणाने करायची असते. पण कारण आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, म्हणून ते जरा मागे ढकलते. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या मेसेजपुढे एकच टिक दिसते. मला ब्लॉक केलंय हे कळण्याइतकी अक्कल तुझ्या धाकट्या बहिणीला आहे. पोस्टमनला काही तुला ब्लॉक करता येणार नाही. चंद्रपूरचा पत्ता नामपूरहून सिंधूमावशीच्या सुनेकडून काढला. बिचारी देत नव्हती, मीच तिचं डोकं खाल्लं. तिच्यावर चिडू नकोस.

आता कारण. बाबांनी लोखंडी कपाटातले स्लाइडचे डबे बाहेर काढायला लावलेत. सगळ्या स्लाइड स्कॅन करून कॉम्प्युटरवर घ्यायच्या म्हणतात. आमच्या लॅबमध्ये एक जुना फिल्म स्कॅनर नुसता पडून होता, मालकांना विचारून तो घरी आणलाय. मी काय काम करते ते तुला माहीत नसेल. लग्नाचे अल्बम बनवणाऱ्या कलर लॅबमध्ये करेक्शनला बसते. म्हणजे दिवसभर नवऱ्या गोऱ्या करते. नवरदेवांनाही हल्ली गोरं व्हायचं असतं. रंग काढणं आणि रंग घालणं यात माझा हात धरणारं नाशिकरोडला कुणी नाही, असं मालक म्हणतात. पगारवाढ मागितली की मात्र म्हणत नाहीत.

डब्यांमध्ये बहुतेक द्राक्षाची पानं आहेत. डावणी, भुरी, करपा असल्या रोगांची. औषध कंपनीच्या नोकरीत बाबा पिंपळगावला, वणीला, दिंडोरीला जाऊन चादरीवर दाखवायचे तेच सगळं. तू मोठी होतीस, तू त्यांच्याबरोबर जायचीस, प्रोजेक्टरचं बटण दाबायचीस. मला फक्त परत येताना मिळणारी द्राक्षं आठवतात. पण प्रत्येक रोलची पहिली स्लाइड पानाची नाही, आईची आहे. मागच्या दारी चुन्याची भिंत, सावली, आणि आई हनुवटीखाली ते राखाडी कार्ड धरून उभी. फिल्मवर रंग खरा उतरतोय की नाही हे बघायला बाबा ते कार्ड धरायला लावायचे. स्लाइडचं असंच असतं. साध्या रोलचे फोटो छापताना लॅबवाला रंग सारखे करून देतो, स्लाइडवर जे पडलं ते पडलं, त्यामुळे फिल्मच पारखून घ्यावी लागते. पान जरा वेगळ्या हिरव्या रंगात दिसलं तर शेतकरी चुकीचं औषध मारणार, ही बाबांची धास्ती. आई म्हणायची, काढा लवकर, भाजी करपतेय. हे मला आठवतं, की तुझ्याच तोंडून ऐकलं होतं, ते आता सांगता येत नाही.

ताई, मी सात वर्षांची होते. आई गेल्यावरचं पुण्यानुमोदन होतं, भन्तेजी बसलेले, सगळी कॉलनी मांडवात, आणि तू उभी राहिलीस. तू म्हणालीस, "ह्यांना पानावरचा पिवळा ठिपका दिसतो, आई पिवळी पडलेली दिसली नाही." बाबांनी सिंधूमावशीला सांगितलं, हिला घेऊन जा. मावशी तुला नामपूरला घेऊन गेली आणि तू परत आलीच नाहीस. मला कुणी विचारलं नाही. एका महिन्यात आई गेली आणि ताई गेली, आणि मी त्या माणसाबरोबर राहिले. त्याने माझ्या वेण्या घातल्या. वाकड्या घातल्या, पण रोज घातल्या.

म्हणून सांगते. तू पंधरा वर्षांची होतीस, तुझंही चुकू शकतं. स्लाइडवर पुरावा आहे. आई आजारी दिसत होती की नव्हती, ते मी एकेक स्लाइड बघून ठरवणार आहे आणि तुला दाखवणार आहे. मग तरी तू त्यांच्याशी बोलशील का?

बाबा बरे आहेत.

तुझी,
चैताली


नाशिकरोड, ५ डिसेंबर २०२४

ताई, जयभीम.

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी दुपारी पोस्टमनची सायकल वाजली की उठून बघत होते.

उद्या सहा डिसेंबर. लग्नसराई असल्याने लॅबमध्ये कामाचा ढीग आहे, पण उद्याची सुट्टी मी कधीच सोडत नाही. सकाळी पुतळ्यापाशी जाऊन येईन आणि मग पुन्हा स्कॅनरसमोर बसेन. काम फार हळू चालतं. स्लाइड आधी रबरी फुग्याच्या हवेने झटकायची, बुरशी असेल तर मऊ ब्रशने काढायची, मशीनचं आपोआप रंग सुधारणं बंद करायचं, मग ते मशीन कुरकुरत एकेक रेघ वाचतं. एक स्लाइड होईस्तोवर माझा चहा गार होतो. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, स्क्रीनवरचं त्यांना अर्धंमुर्धं दिसतं, पण ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत. डबा हातात घेतला की सांगतात, ही पानांची फिल्म, ही माणसांची. घरातली ही नावं तुला आठवत असतील. एका कंपनीची फिल्म हिरवा रंग अगदी खरा द्यायची, दुसरीवर माणसाची कातडी छान यायची. बाबांना कंपन्यांच्या नावांशी देणंघेणं नसायचं.

आता मुद्द्यावर येते. आईच्या शेवटच्या वर्षातल्या स्लाइड मी स्कॅन केल्या. लपवत नाही, काहींवर ती पिवळट दिसते. पण ऐकून घे. फिल्म तीस वर्षांहून जुनी आहे. कपाट उन्हाळ्यात तापतं. जुन्या फिल्मचे रंग सरकतात, हे माझं रोजचं काम आहे, लोकांच्या आईवडिलांचे जुने फोटो मी कितीतरी सुधारून दिलेत. पिवळा थोडा ओढला, निळा थोडा सोडला, की माणूस जिवंत होतो. तसंच केलं. आणि ताई, आई अशी टवटवीत निघाली की मी जागेवर रडले. भिंतीवरच्या फोटोत आहे ना, अगदी तशीच.

भिंतीवरच्या त्या फोटोचंही सांगते. तोसुद्धा कार्डवालाच आहे, बाबांनी तो खाली कार्डापर्यंत न छापता गळ्यापर्यंतच मोठा करून घेतला होता. मांडवातून जाताना तू त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली होतीस की हा फोटो खोटा आहे. मी सगळं लहानपण त्या फोटोला आई म्हणून बघत काढलं. तुझ्या त्या बोटाचा मला किती राग आला होता हे तुला कुणी कधी सांगितलंय का?

मी आणखी एक केलं. मागच्या गल्लीतल्या चिमणाबाईंना विचारलं. पार म्हाताऱ्या झाल्यात, पण डोकं शाबूत आहे. म्हटलं, आमची आई शेवटी शेवटी पिवळी दिसायची का हो? त्या म्हणाल्या, "पिवळी कशाची बाई? आमी तर म्हनायचो, लताचा रंग लय उजळला. नळावर चिडवायचो तिला." हे बघ. बघणाऱ्या बाईची साक्ष आहे.

सोबत प्रिंट पाठवते आहे. सुधारलेली. लॅबमध्ये चांगल्या कागदावर काढली. कार्ड धरून उभी आहे, केसात अबोली आहे, हसू दाबलंय. तू हिला पिवळी म्हणत होतीस. आता तूच बघ आणि मला सांग.

बाबा बरे आहेत. थोडा दम लागतो, थंडीचा असेल.

चैताली


नाशिकरोड, २२ डिसेंबर २०२४

ताई,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी बहिणीला काही लिहायचं तर माणूस निदान कशी आहेस विचारतो. तू दोनच शब्द लिहिलेस. 'कार्ड बघ.'

मी चिडले. पोस्टकार्डच उलटसुलट करून बघितलं, मला वाटलं मागे अजून काही असेल. मग कळलं कुठलं कार्ड.

त्या प्रिंटमध्ये आईच्या हातातलं राखाडी कार्ड निळं झालंय. चांगलं आकाशी दिसावं इतकं निळं. मी दिवसभर हेच काम करणारी बाई, मालक जिचं कौतुक करतात ती, आणि मी सगळा वेळ फक्त चेहरा बघत बसले. कार्ड त्याच्यासाठीच तर होतं.

मग मूळ स्कॅन उघडला, न सुधारलेला. त्यात कार्ड राखाडी आहे. स्वच्छ राखाडी, कुठेही पिवळं नाही. पाठीमागची चुन्याची भिंत पांढरी आहे. फिल्मचे रंग सरकले असते तर कार्डही पिवळं झालं असतं, भिंतही झाली असती. काहीही सरकलेलं नाही. फक्त आई पिवळी आहे. मी स्क्रीनवर तिचे डोळे मोठे करून बघितले, ताई. डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा नाही.

मग मी डबे तारखेने लावले आणि बाबांनी काय काय केलं ते मला दिसत गेलं. आधीच्या रोलमध्ये पानांची फिल्म आहे, आई जराशी पिवळी, कार्ड ठीक. डब्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलंय की ही माणसांना चालत नाही. पुढचा रोल माणसांच्या फिल्मचा. कार्ड ठीक, आई जास्त पिवळी. त्यावर काही लिहिलेलं नाही. पुढचाही माणसांचाच, दुसऱ्या दुकानातून आणलेला, कारण आधीचा डबा उन्हात तापला असेल अशी शंका त्यांनी त्यावर लिहून ठेवलीय. तोही तसाच. आणि शेवटच्या रोलला त्यांनी लेन्सपुढे फिकी निळी काच लावली. आई एकदम सुंदर, आणि कार्ड निळं. भिंतीवर लावला तो फोटो ह्याच रोलमधला. कार्ड का कापलं तेही आता कळलं.

आणि गल्लीतल्या बायका तिला रंग उजळला म्हणून चिडवत होत्या. तीही हसत असेल. ती तशीच होती.

तुझं बरोबर होतं हे मला लिहावं लागतंय. मला ते लिहायचं नव्हतं. तुला खोटं पाडायला बसले होते आणि तुझ्याच बाजूची साक्षीदार झाले. आता तू म्हणशील की मग बोलायचं काय राहिलं.

राहिलंय. मी दोन्ही पत्रांत लिहिलं की बाबा बरे आहेत, ते खोटं होतं. हृदय फार कमजोर झालंय. डॉक्टर म्हणाले की औषधांनी दिवस ढकलायचे, किती ते सांगता येणार नाही. स्लाइडचं काढलं ते तेव्हापासूनच. मला वाटलं तुला आजाराचं सांगितलं तर तू म्हणशील आम्ही दया मागतोय. आता सरळ मागते. एकदा ये. भांडायला ये हवं तर. पण तू आली नाहीस आणि ते गेले, तर तुझ्या त्या मांडवातल्या वाक्यावरच सगळं संपेल, आणि ते वाक्य माझ्या एकटीच्या घरात राहील.

चैताली


नाशिकरोड, १२ जानेवारी २०२५

ताई,

तुझं काही आलं नाही. तरी लिहिते, कारण हे मी बाबांना सांगितलं आणि ते काय म्हणाले ते तुझं आहे. मी ठेवून घेतलं तर चोरी होईल.

मी ठरवलं होतं की सांगायचं नाही. आजारी माणसाला कशाला? पण काल दुपारी औषध दिल्यावर ते म्हणाले, "चैते, लताच्या स्लाइडचं झालं का?" झालं म्हटलं. दाखव म्हणाले. मी सुधारलेला स्कॅन उघडला, ती आकाशी कार्डवाली प्रिंट. त्यांनी खुर्ची पुढे घेतली, स्क्रीनला नाक लागेल इतके जवळ गेले, आणि बोटाने चेहरा सोडून खाली कार्ड शोधलं. मोतीबिंदूने त्यांना निळा कितपत कळला असेल ते मला माहीत नाही. म्हणाले, हा नको, मूळचा काढ.

मी मूळचा काढला. त्यांनी बोट कार्डावरून वर चेहऱ्यावर नेलं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, बाबा, तुम्ही पानांवरचा एवढासा ठिपका ओळखायचात, मग हे कसं दिसलं नाही? ताई हेच म्हणत होती.

ते म्हणाले, "दिसत होतं गं. तेजूने तर शेवटचा रोल आल्याबरोबर सांगितलं होतं, बाबा, कार्ड निळं आलंय. मी म्हटलं, कार्ड कुणाला भिंतीवर लावायचंय?"

मग मी आईच्या दवाखान्याचं विचारलं. तर म्हणे आईनेच नको म्हटलं होतं, तिला दुखत काही नव्हतं, नुसता थकवा होता, आणि सीझन चालू होता, रोज एका गावात कार्यक्रम. मला वाटलं संपलं. मी उठून चहा ठेवायला निघाले, तर मागून म्हणाले,

"फिल्मचा दोष असता तर फिल्म बदलून भागलं असतं. म्हणून मी बदलत राहिलो."

ताई, मी त्यांच्याकडे पाठ करून गॅसपाशी उभी होते. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी कीव आली की कुठली गोष्ट आधी करू ते कळेना. शेवटी चहाच केला. त्यांनी घेतला नाही. नंतर म्हणाले, तेजूला लिही की तिचं बरोबर होतं. मी म्हटलं, लिहिलंय आधीच. तर म्हणाले, तू लिहिलंस, माझ्या वतीने लिही.

म्हणून त्यांच्या वतीने लिहिते. तेजू, तुझं बरोबर होतं.

आता ते रोज संध्याकाळी विचारतात की चंद्रपूरहून नाशिकरोडला गाडी किती वाजता येते. वर्ध्याला बदलून यावं लागतं हे मी त्यांना सांगितलंय, तरी विचारतात.

चैताली


नाशिकरोड, ९ मार्च २०२५

ताई, जयभीम.

हे पत्र कुरियरने पाठवते आहे म्हणजे परवा तुझ्या हातात पडेल. आता तू फोन उचलतेस, हे खरं. पण मी विषय काढला की 'शीण आहे गं, झोपते' म्हणून ठेवून देतेस. पत्र मध्येच ठेवता येतं, पण ते तिथेच पडून राहतं आणि तू पुन्हा उचलशील, म्हणून लिहिते.

आधी त्या दिवसाचं लिहू दे, नाहीतर तुला कळणार नाही मी कशाच्या मागे लागले आहे.

तू आलीस तेव्हा मी भाजी निवडत होते. दारात बॅग घेऊन उभी होतीस आणि मी तुला ओळखलं नाही, आधी आई आली असं वाटलं. हे तेव्हा सांगितलं नाही, लाज वाटली. तू सरळ आत बाबांच्या कॉटपाशी गेलीस. मी मागे उभी. मला वाटलं, आता हे रडतील, किंवा तू बोलशील काहीतरी कडू, आणि मला मध्ये पडावं लागेल. बाबांनी तुझा हात धरला, तुला खाली ओढलं, तुझ्या डोळ्याखालची कातडी अंगठ्याने खाली केली आणि म्हणाले, "तेजू, तू पिवळी दिसतेस."

आणि आपण दोघी हसलो, ताई. इतक्या वर्षांनी एकत्र हसलो. तू म्हणालीस, बाबा, आता तुम्हाला सगळंच पिवळं दिसणार, मोतीबिंदू काढा आधी. मी म्हटलं, आता हे गल्लीतल्या मांजरालाही पिवळं म्हणतील. ते हसले नाहीत. तुझा हात सोडेनात. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाले, मला म्हणाले, हिला दवाखान्यात ने. मी हो हो केलं. तू त्यांना पेज भरवलीस, त्यांची नखं कापलीस, मांडवातलं काहीही कुणी काढलं नाही. आणि मग ते गेलेच. तुझ्या मांडीवर डोकं होतं. त्यांना जे हवं होतं ते मिळालं असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाला तू स्वतः उभी राहून बोललीस. चांगलं बोललीस. बोलताना दोनदा खाली बसलीस, मला वाटलं उपास घडलेत, जागरण झालंय.

आता ऐक. तू आलीस त्या संध्याकाळी मी मोबाइलवर आपल्या तिघांचा फोटो काढून घेतला होता, शेजारच्या पिंकीने काढला होता तो. तू आणि मी कॉटच्या दोन बाजूंना, मध्ये बाबा. काल तो फ्रेम करायला लॅबमध्ये काढायला घेतला. तुझा चेहरा पिवळट येत होता. घरातला दिवा तसलाच आहे म्हणून मी पिवळा कमी करायला घेतला, तर बाजूला मी जांभळी पडायला लागले. दिवा तोच, मोबाइल तोच, भिंत तीच. मी आहे तशीच आहे. मी सगळं बंद करून तशीच घरी आले.

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात होती. त्या मोतीबिंदूच्या डोळ्यांनी बाबा मला रोज बघत होते. सकाळी उठल्यापासून, औषध देताना, जेवताना, महिनोन्महिने. मला एकदाही म्हणाले नाहीत. पिवळी म्हणाले ते फक्त तुला.

आज डॉक्टरकडे गेले. आईचं सांगितलं, जे बाबांनी सांगितलं होतं तेवढं. ते म्हणाले की काविळीचा एक प्रकार आईकडून बाळंतपणात मुलाला येऊ शकतो, आणि वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये गप्प बसू शकतो, माणसाला पत्ता लागत नाही. नुसता थकवा येतो, जेवण जात नाही, अंगाला खाज सुटते. ताई, तू इथे होतीस तेव्हा रात्री हात खाजवत होतीस आणि म्हणालीस नाशिकचं पाणी लागलं. माझी तपासणी त्यांनी लगेच केली. माझ्यात काही नाही. तुझी करून घ्या म्हणाले, आणि उद्याचं परवावर टाकू नका म्हणाले. वेळेवर कळलं तर औषध आहे, हेही म्हणाले. आईच्या वेळी नव्हतं ते आता आहे.

आता तू म्हणशील प्रवासाचा शीण. म्हणशील पाळी जायचं वय आहे. म्हणशील शाळेत दहावीच्या परीक्षा आहेत, नंतर बघू. सगळं खरं असेल. प्रत्येक गोष्टीला कारण सापडेल, आपल्या घराला ते फार छान जमतं. मलाही वाटतं की माझा मोबाइलच भिकार असावा. तसं निघालं तर मी तो तुझ्यासमोर विहिरीत टाकीन.

पण तू जाणार नाहीस हे मला माहीत आहे. म्हणून मी बुधवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. वर्ध्याला बदलून गुरुवारी सकाळी तुझ्या दारात येईन. शाळेत रजा टाक. सकाळी उठून काही खाऊ नकोस, चहाही नको, रक्त रिकाम्या पोटी घेतात. मी येते, मग दोघी जाऊ.

चैताली